गल्लीतल्या माश्या नेमक्या कुठून येतात? वडगावच्या बाजूची एक मोजणी

मे महिन्याच्या शेवटी बेळगावात वळीव झोडपून गेला आणि आठ-दहा दिवसांत आमच्या गल्लीत माश्यांचा सुळसुळाट झाला. वडगाव आणि शहापूरच्या मध्ये ही गल्ली आहे. अर्ध्याअधिक घरांत माग चालतात, टोकाला गवळ्याचा गोठा, मध्ये एक मोकळा प्लॉट, कोपऱ्यावर मिठाईचं दुकान, त्याच्या पलीकडे चिकनचं दुकान आणि देवळामागे अंगणवाडी. आंब्याचे दिवस होते. ताटावर हात हलवत जेवायचं, पाळण्यातल्या पोराच्या तोंडावर फडकं टाकायचं, असं चाललं होतं. अंगणवाडीतल्या पाच-सहा मुलांना एकाच आठवड्यात जुलाब लागले तेव्हा लोक चिडले आणि देवळात बैठक बसली.

बैठकीत दहा मिनिटांत निकाल लागला. माश्या म्हशींमुळे होतात, गोठा गल्लीबाहेर हलवावा आणि दर आठवड्याला धुराची गाडी पाठवावी, असा अर्ज लिहिला गेला. बहुतेक घरांनी सह्या केल्या. मीही केली. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. गोठ्यात जाऊन एकदाही न बघता मी ती सही केली, याचं मला आजही वाईट वाटतं. गवळीमामा बैठकीला आले होते, पण एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या आज्यापासून त्या जागेवर म्हशी आहेत. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून त्यांच्या म्हशी निघतात तेव्हा हीच सगळी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघतात.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात घरमाशीचं जीवनचक्र शिकवत होते. मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते, आयुष्यात अशा चार-पाच खेपा करते. एका दिवसात अंड्यातून अळी बाहेर येते, आठवड्याच्या आत तिचा कोष होतो, आणि ऊन चांगलं असलं तर सात ते दहा दिवसांत नवी माशी उडते. गारठ्यात हेच महिन्याच्या पुढे जातं. फळ्यावर हे लिहिताना एका मुलीने विचारलं, "टीचर, मग आमच्या गल्लीतल्या माश्या कुठं जन्मतात?" ती गवळीमामांची नात. मला उत्तर देता आलं नाही. आम्ही मोजायला सुरुवात केली ती तिथून.

माश्या मोजायच्या म्हणजे हवेत उडणाऱ्या मोजायच्या नाहीत, ते शक्यही नाही. माशी बसते तिथे दोन प्रकारचे ठिपके सोडते. एक विष्ठेचा, काळपट, आणि दुसरा ओकारीचा, फिकट पिवळसर. घट्ट अन्न तिला चावता येत नाही, म्हणून ती त्यावर लाळ आणि पोटातलं पातळ ओकते, ते विरघळलं की शोषून घेते. ताटातल्या भाकरीवर ती बसली की काय होतं ते यावरून कळावं. जिथे माश्या विसावतात तिथे पोस्टकार्डाएवढं पांढरं कार्ड लावायचं, सात दिवसांनी काढायचं आणि ठिपके मोजायचे. आठवड्याला एका कार्डावर शंभर किंवा जास्त ठिपके दिसले तर उपाय करायची वेळ झाली, अशी एक रेघ परदेशातल्या गोठ्यांसाठी आणि पोल्ट्रीसाठी रूढ आहे. ती गोठ्याची रेघ आहे, हे लक्षात ठेवायला हवं. अंगणवाडीच्या स्वयंपाकघरात त्याच्या निम्मे ठिपके पडले तरी मला ते जास्तच वाटतील.

दुसरं साधन म्हणजे लाकडी जाळी. 1947 साली स्कडर नावाच्या संशोधकाने ती सुचवली आणि ती अजून वापरात आहे. हातभर लांबीच्या चोवीस अरुंद पट्ट्या, मध्ये बोटभर फटी ठेवून चौकटीवर ठोकायच्या. माशीला सपाट जागेपेक्षा कडेवर बसायला आवडतं, आणि अशा जाळीला कडाच कडा असतात. माश्या घोंगावत असतील तिथे जाळी जमिनीवर ठेवायची, अर्ध्या मिनिटात किती माश्या बसल्या ते मोजायचं, जागा थोडी बदलून पुन्हा मोजायचं आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या तीन ते पाच आकड्यांची सरासरी धरायची. आमच्या गल्लीतल्या सुताराने खोक्यांच्या फळ्या चिरून ती एका दुपारी करून दिली. पैसे घेतले नाहीत.

गोठा, प्लॉट, मिठाईचं दुकान, चिकनचं दुकान, अंगणवाडी आणि एका विणकराच्या घरचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, अशा सहा जागा ठरल्या. प्रत्येक जागी दोन कार्डं लावली. कार्डाखाली "मोजणी चालू आहे, हात लावू नये" हे मराठीत आणि कन्नडमध्येही लिहिलं. त्याचा उपयोग झाला. झाडायला येणाऱ्या पौरकार्मिक बाई फक्त कन्नड वाचतात. त्यांनी एकही कार्ड काढून टाकलं नाही, उलट वाऱ्याने पडलेलं एक कार्ड जपून ठेवून मुलांच्या हातात दिलं.

पहिले दोन आठवडे फुकट गेले. जाळीची मोजणी मुलं कधी शाळेआधी सात वाजता करायची, कधी मधल्या सुट्टीत. सकाळच्या गारव्यात माशी अंग आखडून बसलेली असते, दहा-अकराला ऊन वर आलं की ती उडते. त्यामुळे सातला शून्य आणि बाराला जाळी काळी, असे आकडे आले. त्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करण्यात काही अर्थ नव्हता. मग रोज साडेदहाची वेळ ठरली. कार्डांचंही तसंच. विणकराच्या घरी देवाजवळ लावलेल्या कार्डावर उदबत्तीची राख आणि तेलाचे शिंतोडे पडले होते, ते मुलांनी ठिपके म्हणून मोजले. एकावर पालीची घाण होती. मग भिंगाखाली खरे ठिपके ओळखायला शिकलो. माशीचा ठिपका गोल, कडा स्वच्छ आणि आकार टाचणीच्या डोक्याहून लहान असतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की चूक होत नाही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने करायला लावली, आणि सगळ्या प्रकरणाचा निकाल शेवटी तिच्यावरच लागला. अनगोळच्या बाजूला, आमच्यापासून दोनेक किलोमीटरवर, आमच्यासारखीच एक गल्ली आहे. तिथेही गोठा आहे, दुकान आहे. माझ्या वर्गातली दोन मुलं तिथे राहतात. त्या गल्लीतही तशीच कार्डं लावली आणि साडेदहालाच जाळी ठेवायला सांगितलं. मुलं म्हणाली, तिथल्या माश्यांशी आपला काय संबंध? मी म्हटलं, आपल्याकडे काही बदललं तर ते आपल्या उपायामुळे की सगळीकडेच बदललं, हे कळायला दुसरी जागा लागते.

जूनच्या मध्यावर धुराची गाडी आली. दोन संध्याकाळी गल्लीभर धूर झाला. त्याच आठवड्यात मृगाचा पाऊस लागला आणि हवा गार पडली. चार दिवसांत रस्त्यावरच्या माश्या दिसेनाशा झाल्या. जाळीचे आकडे कोसळले. लोक खूश. मिठाईवाले शेट मला म्हणाले, "बघा टीचर, औषध लागू पडलं की."

अनगोळच्या गल्लीत गाडी गेलीच नव्हती. तिथेही जाळीचे आकडे तितकेच कोसळले होते.

म्हणजे माश्या पावसाने दबल्या होत्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जून-जुलैत ऊन असं दिसतच नाही, आणि माशी उन्हावर चालणारा किडा आहे. धुराचं गणितही तसंच. तो धूर संध्याकाळच्या डासांसाठी असतो. त्या वेळी माश्या घरात छताला, तारांवर, दोरीवर निजलेल्या असतात. ज्यांना धूर लागतो त्या मरतात, पण शेणात आणि कचऱ्यात खाली दडलेल्या अळ्यांना आणि मातीतल्या कोषांना तो शिवतही नाही. आठवड्याने नव्या माश्या बाहेर पडतात. वारंवार तेच औषध मारलं तर जगून उरलेल्यांची पिलावळ त्या औषधाला दाद देईनाशी होते. डीडीटीचं हेच झालं. महायुद्धानंतर ते रामबाण मानलं गेलं, आणि 1947 च्या सुमारासच युरोपातल्या घरमाश्या त्याला जुमानेनाशा झाल्या होत्या.

कार्डांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती जाळीला कळली नव्हती. बाहेरची कार्डं स्वच्छ होत चालली होती, पण अंगणवाडीच्या स्वयंपाकघरातल्या आणि विणकराच्या सोप्यातल्या कार्डांवरचे ठिपके कमी झाले नव्हते. पावसात माश्या संपल्या नव्हत्या, घरात आल्या होत्या. रस्त्यावर दिसत नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आणि त्या मुलांच्या खिचडीवर बसत होत्या. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातल्या एका अभ्यासात खेड्यांमधल्या माश्यांचा बंदोबस्त केल्यावर लहान मुलांच्या जुलाबांत 23 टक्के घट झाली होती. अंगणवाडीच्या बाईंना मी तो आकडा सांगितला. त्यांनी त्याच दिवशी दारा-खिडक्यांना जुनी मच्छरदाणी कापून लावली आणि खिचडीच्या पातेल्यावर झाकण आलं.

आषाढात मंगाईची यात्रा भरली. वडगावात त्या मंगळवारी घरोघरी पाहुणे आणि कोंबड्या-बकऱ्यांचं जेवण असतं. यात्रेनंतरच्या आठवड्यात चिकनच्या दुकानाजवळच्या कार्डांनी शंभराची रेघ पुन्हा ओलांडली. गल्ली पुन्हा गोठ्याकडे बोट दाखवू लागली. पण नुसत्या ठिपक्यावरून ती माशी कोणती ते सांगता येत नाही, ही या कार्डाची मोठी मर्यादा आहे. म्हणून आम्ही चिकट कागद टांगले. त्यावर सापडल्या त्यांतल्या बऱ्याच माश्या आकाराने मोठ्या, अंगावर निळसर-हिरवी धातूसारखी चकाकी असलेल्या आणि विटकरी डोळ्यांच्या होत्या. ही माशी सडक्या मांसावर, आतड्यांवर, मेलेल्या जनावरावर वाढते. म्हशीच्या शेणाची ती माशी नव्हे. गोठ्यातल्या कागदावर होत्या त्या करड्या, पाठीवर चार काळे पट्टे असलेल्या घरमाश्या, आणि थोड्या चावऱ्या माश्या, ज्या म्हशींच्या पायांचं रक्त पितात. नाल्याच्या कडेला टांगलेल्या कागदावर इवल्या, केसाळ, पतंगासारख्या माश्या आल्या. गटारातल्या गाळावर वाढणारी ती जात. बळ्ळारी नाल्यामुळे माश्या होतात असं इकडे सर्रास म्हणतात. नाल्याचे त्रास पुष्कळ आहेत, पण वाहत्या पाण्यात घरमाशी अंडी घालत नाही.

हे सगळे कागद आम्ही देवळात एका फळीवर लावून ठेवले. लोक येता-जाता बघायचे. एकाच "माश्या" शब्दाखाली किती वेगळे किडे आणि किती वेगळी घाण दडलेली आहे, हे माझ्या कोणत्याही बोलण्यापेक्षा त्या फळीने जास्त सांगितलं.

श्रावणात उघडीप पडली. कोवळं ऊन, मध्येच सर. माश्यांना याहून चांगली हवा नाही. दोन्ही गल्ल्यांत आकडे चढले, आमच्या गल्लीत जास्त. आता अळ्या शोधायच्या होत्या. मुलांना हातमोजे दिले, काठ्या आणि चमचे दिले, आणि आम्ही गोठ्यापासून सुरुवात केली.

मामांची नात पुढे होती. गोठा रोज झाडलेला, धुतलेला, तिथे काही नव्हतं. उन्हाळ्यात मामी शेणाच्या शेणी थापतात, त्या दोन दिवसांत वाळतात आणि वाळल्या शेणात अळी जगत नाही. पण पावसाळ्यात शेणी थापता येत नाहीत. येळ्ळूरच्या बाजूचे शेतकरी शेणखत न्यायचे, तेही या दिवसांत येत नाहीत, कारण शिवारात भात उभं असतं आणि गाडी चिखलात रुतते. मग शेण मागच्या भिंतीला साठत जातं. त्या ढिगाच्या पोटात अळ्या नव्हत्या, तिथे हात ठेववत नाही इतकी ऊब होती. अळ्या होत्या त्या ढिगाच्या कडेला, जिथे गव्हाणीतली उरलेली ओली वैरण शेणात मिसळून पडली होती. मुलीने काठीने ती वैरण उचलली आणि खाली पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. ती गप्प झाली. मी तिला काही बोलले नाही. काय दिसलं ते वहीत लिही, एवढंच सांगितलं, आणि तिने लिहिलं.

मग मोकळा प्लॉट. तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर होता. फणसाची चारखंडं, भात, चहाचा चोथा, भाज्यांची देठं, सगळं गाठ मारून फेकलेलं. गाठीच्या आत ओल टिकते, ऊब टिकते, कोंबड्या-कुत्र्यांपासून आडोसाही मिळतो. तेवढ्याच मापाचा एक डबा भरून वैरण आणि एक डबा भरून पिशवीतला कचरा असं आम्ही कागदावर पसरून मोजलं. पिशवीतल्या कचऱ्यात अळ्या कितीतरी जास्त होत्या. कुंपणाच्या भिंतीकडची कोरडी माती चाळली तर त्यात भाताच्या दाण्याएवढे तांबूस-तपकिरी कोष सापडले. कोष करायची वेळ झाली की अळी ओल सोडून कोरड्या जागी सरकते. या भिंतीतच गल्लीचा पाळणा हलत होता.

लोक पिशव्या का फेकतात, हा प्रश्न मी पौरकार्मिक बाईंना विचारला. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच. कचऱ्याची गाडी गल्लीत सकाळी सर्वांत आधी येते. त्या वेळी माग चालू झालेले असतात, खटखटीत गाडीची गाणी ऐकू येत नाहीत, बायका हातातलं काम सोडून धावू शकत नाहीत. गाडी निघून गेली की पिशवी दिवसभर घरात कोण ठेवणार? जाता-जाता प्लॉटमध्ये पडते. बाई म्हणाल्या, फेरी उलटी फिरवली तर ही गल्ली शेवटी येईल, तोवर न्याहारीची सुट्टी होते. त्यांनी मुकादमांशी बोलून ती फेरी उलटी करून घेतली. या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक ज्या एका गोष्टीने पडला असं मला वाटतं, ती हीच.

बाकीचे उपाय साधे होते. प्लॉट एका रविवारी साफ झाला, मालकाने तारेचं कुंपण नीट केलं. चिकनवाल्या भावांनी आतडी-पिसांसाठी झाकणाचा ड्रम घेतला, तो रोज रात्री उचलला जातो. मामांनी उरलेली वैरण शेणापासून वेगळी काढून गोठ्याच्या पत्र्याखाली पातळ पसरायला सुरुवात केली, म्हणजे ती वाळते. शेणाच्या ढिगावर काळं प्लास्टिक कडा दाबून टाकलं. आतली ऊब कडेपर्यंत पोचली की अळ्या तिथेही टिकत नाहीत.

पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. दुसऱ्यातही थोडाच. लोकांचा धीर सुटत चालला होता, परत धुराच्या गाडीचं नाव निघालं. मातीतले कोष अजून फुटत होते आणि उडत्या माश्या दोन-तीन आठवडे जगतात, हे मी घरोघरी सांगत फिरले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मिठाईच्या दुकानातली दोन्ही कार्डं शंभराच्या खाली आली. गोठ्यातलीही आली. अनगोळच्या गल्लीतली कार्डं त्या आठवड्यात तशीच होती, रेघेच्या वर. म्हणून या वेळी मी म्हणू शकले की हे पावसाने झालेलं नाही. गणपतीत शेटनी कुंद्याच्या ताटांवरची जाळी काढली नाही, पण हातातला पंखा ठेवून दिला.

अंगणवाडीचं कोडं सुटलेलं नाही. तिथले ठिपके उतरले, पण इतर जागांइतके नाहीत. माशी अन्नाच्या शोधात किलोमीटर-दोन किलोमीटर सहज जाते, त्यामुळे तिथल्या माश्या आमच्या गल्लीतल्याच असतील असंही नाही. मुलांनी आता मागच्या गल्लीत कार्डं लावली आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात, वळीव पडून गेल्यावर, खरी परीक्षा आहे. दिवाळीनंतर थंडीने माश्या तशाही कमी होतात, त्या आकड्यांवर मी भिस्त ठेवत नाही. आषाढातल्या त्या मंगळवारसाठी झाकणाचे आणखी तीन ड्रम हवेत, त्याची वर्गणी सुरू आहे. गोठा हलवण्याचा अर्ज कोणी मागे घेतला नाही. पण त्याचा पाठपुरावाही कोणी केला नाही.

पाडव्याच्या दिवशी म्हशी सजवून निघायच्या होत्या. मी सकाळी गोठ्यावर गेले तेव्हा मामा एका म्हशीच्या शिंगाला लाल रंग लावत होते. मला बघून म्हणाले, "टीचर, कार्ड संपलंय ओ. नवं आणलाय का?" खांबावरचं जुनं कार्ड त्यांनी स्वतः काढून ठेवलं होतं. मागे कन्नडमध्ये तारीख घातली होती, आणि ठिपक्यांभोवती पेन्सिलीने दहा-दहाचे गोल काढून मोजणीही केली होती. मी पिशवीतून नवं कार्ड काढून दिलं. त्यांनी रंगाचा हात पुसला आणि ते त्याच खिळ्याला लावलं.